साठीनंतर वजन उचलून स्नायू वाढतात का? वाढतात, पण विश्रांतीचं गणित बदलतं

"दिवसभर वाडीत राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" केळवे-माहीमच्या पट्ट्यात पानवेली आणि भाजीच्या वाड्यांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. तरीही पासष्टीला याच माणसाला जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा आधार लागतो. गुडघे दुखतात म्हणून, असं आपण म्हणतो. बऱ्याचदा गुडघ्याच्या जोडीला मांडीचा स्नायूही आटलेला असतो, त्याकडे कोणी बघत नाही.

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचं वस्तुमान दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. आधी बारीक होतात ते झटक्यात ताकद लावणारे तंतू. पाय घसरला तर तोल सावरायला नेमके हेच लागतात.

वाडीतल्या कामाने दम टिकतो, चपळपणा राहतो. पण तेच ओझं वर्षानुवर्षं उचललं की शरीराला त्याची सवय होते. स्नायू वाढायला भार हळूहळू वाढत जावा लागतो, आणि रोजच्या कामात तो वाढत नाही.

नव्वदीतही स्नायू वाढतात?

१९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूचा आकार मात्र ९ टक्क्यांनीच.

या दोन आकड्यांमधली तफावत लक्षात घ्या. सुरुवातीची बरीच ताकद मेंदू आणि मज्जातंतू स्नायूला नीट 'कामाला लावायला' शिकतात म्हणून येते. त्यामुळे महिनाभरात दंड फुगला नाही म्हणून जिम सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

मग वयामुळे नेमकं काय बदलतं?

व्यायामानंतर शरीर प्रथिनांपासून नवा स्नायू बांधतं. व्यायाम हा इशारा असतो, बांधकाम नंतरच्या एक-दोन दिवसांत चालतं. वय वाढलं की तोच इशारा स्नायूला कमी ऐकू येतो. शिवाय झीज भरून काढणाऱ्या राखीव पेशी कमी होतात. म्हणून विशीतला मुलगा ज्या व्यायामातून एका दिवसात सावरतो, त्याला साठीत दोन-तीन दिवस लागू शकतात.

याचा अर्थ व्यायाम कमी करा असा नाही, मध्ये अंतर ठेवा असा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. सोमवारी पाय केले तर पुन्हा गुरुवारी. ज्या दिवशी वाडीत खणायचं किंवा ओझी वाहायची आहेत, तो दिवसही व्यायामाचाच धरायला हवा. सांधे कुरकुरत असतील तर हलकं वजन जास्त वेळा उचलूनही चालतं. अट एवढीच, की शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत.

झोपेचं काय? बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी हा मुद्दा जिमच्या फीपेक्षा मोठा आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात तरुणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, एक अख्खी रात्र जागल्यावर स्नायूतली प्रथिनबांधणी १८ टक्क्यांनी घटलेली आढळली. पाळी संपवून थेट जिम गाठण्यापेक्षा आधी झोपणं बरं.

ताटात काय हवं?

'थिन-फॅट इंडियन' हा शब्दप्रयोग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे रूढ झाला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असू शकते, आणि म्हातारपण त्याच शिल्लकीतून खर्च करतं.

ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. साठ किलोच्या व्यक्तीला साठ ते बहात्तर ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत तेवढेच किंवा थोडे जास्त. आपल्याकडे मासे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. ओल्या बोंबलात पाणीच फार असतं. सुक्यात प्रथिनं भरपूर, पण मीठही, त्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी जपून. सकाळी नुसता चहा-बटर आणि सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात, ही पद्धत साठीनंतर फारशी उपयोगाची नाही, कारण वयस्कर स्नायूला प्रत्येक जेवणात पुरेसा डोस लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

वय सगळ्यात जास्त जाणवतं ते आजारपणात. मोडलेल्या पायाला प्लास्टर घातलं किंवा तापाने पंधरा दिवस अंथरुणावर काढले, की तरुणाचाही स्नायू घटतो. तो तरुणाला काही आठवड्यांत परत मिळतो, वयस्कराला बराच कमी आणि सावकाश मिळतो. "आराम करा, उठू नका" हा घरच्यांचा प्रेमाचा आग्रह इथे महागात पडतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा, दिवसातून दोनदा, एवढ्यापासून सुरुवात करता येते. पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी उभं असू द्या.