दिल्लीचा शब्द आणि गोदाकाठची ऊर्जा

7 डिसेंबर 2023. गाळप हंगाम भरात, बॉयलर पेटलेले, गव्हाणीबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या. आणि केंद्राचा आदेश आला की उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल करायचे नाही. पाऊस कमी झाला होता, साखर महागेल ही सरकारची धास्ती खोटी नव्हती. पण आसवन्या उभारा, वाढवा, असे सांगून व्याजसवलत देणारेही हेच सरकार होते. आठवडाभरात बंदी सैल झाली, 17 लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवायला परवानगी मिळाली. बंधने उठली ती मात्र ऑगस्ट 2024 च्या अखेरीस, पुढच्या वर्षासाठी. कर्जाचे हप्ते या काळात थांबले नव्हते.

स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय नेतृत्व हवे असे आपण सहज म्हणतो. ते नेमके कशासाठी हवे, हे कोपरगाव तालुक्यातून फार स्पष्ट दिसते. नांदूर मधमेश्वरहून निघालेल्या शंभर वर्षांहून जुन्या गोदावरी कालव्यांवर इथला ऊस उभा राहिला. साकरवाडीला सोमय्यांचा उद्योग, सहजानंदनगरला शंकरराव कोल्हे यांच्या नावाचा सहकारी कारखाना, कोळपेवाडीजवळ गौतमनगरला शंकरराव काळे यांच्या नावाचा. साखर, मद्यार्क, बगॅसवरची वाफ आणि वीज यांचे ज्ञान इथे पिढ्यांचे आहे. साकरवाडीत तर इथेनॉलपासून रसायने बनतात. उणीव हुन्नराची नव्हती.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदा देशाने 1948 मध्येच केला होता. तो जवळजवळ निजून राहिला आणि 2000 साली रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ प्रायोगिक मिश्रण सुरू झाले. मनमाड म्हणजे दौंड मार्गावर कोपरगावच्या अगदी जवळचे जंक्शन. 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्क्यांचे धोरण आले, तरी 2013-14 मध्ये देशातले मिश्रण दीड टक्क्याच्याच घरात होते. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर मात्र ते झपाट्याने वाढले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेले. हुन्नर तोच, ऊस तोच. मोठा बदल हा की तेल कंपन्या इतके इथेनॉल या दराने घेतील, हे आधी जाहीर होऊ लागले. मला नेतृत्वाचा अर्थ इथे सापडतो: कारखान्याच्या संचालकाला बँकेत जाऊन दाखवता येईल असा शब्द.

तोच शब्द पुढे ढिला पडला. रसापासूनच्या इथेनॉलचा दर 2022-23 मध्ये लिटरला 65 रुपये 61 पैसे होता आणि 2024-25 मध्येही तितकाच राहिला. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, क्विंटलला 305 वरून 340 रुपये झाली. शेतकऱ्याला ती मिळायलाच हवी. ऊसदर वाढवणारे आणि इथेनॉलचा दर धरून ठेवणारे दोन्ही निर्णय दिल्लीचेच असतील, तर मधली तूट सहकारी कारखान्याने कुठून भरायची?

तरीही तालुका थांबलेला नाही. 5 ऑक्टोबर 2025 रोजी कोल्हे कारखान्यात केंद्रीय गृह आणि सहकार मंत्री अमित शहा यांच्या हस्ते बायोगॅस आणि पोटॅशच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. एकाहून अधिक प्रकारच्या कच्च्या मालावर चालणारा सहकारातला देशातला हा पहिला सीबीजी प्रकल्प, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसचा. रोज 12 टन गॅस आणि 75 टन पोटॅश अशी त्याची क्षमता सांगितली गेली. मला यातला पोटॅशचा भाग फार मोलाचा वाटतो. आसवनीतून निघणारे काळे, उग्र वासाचे स्पेंट वॉश हे साखरपट्ट्यातल्या ओढ्या-विहिरींचे जुने दुखणे. उसाने मातीतून उचललेले पालाश, म्हणजेच पोटॅश, त्याच पाण्यात असते, आणि देश मात्र पालाश जवळजवळ सगळे परदेशातून आणतो.

अशा गॅससाठी ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने पाच हजार प्रकल्पांचे स्वप्न दाखवले होते. त्याच्या जवळपासही आपण पोहोचलो नाही, कारण गॅस घ्यायलाच हवा अशी सक्ती कुणावर नव्हती. ती नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झाली: वाहनांच्या आणि घरगुती गॅसमध्ये 2025-26 ला एक टक्का, मग तीन, चार आणि 2028-29 पासून पाच टक्के. हे पाच वर्षे आधी व्हायला हवे होते.

सौर ऊर्जेची गोष्ट शेतकऱ्याच्या झोपेशी जोडलेली आहे. रात्रीची लाईट आली की बिबट्याच्या भीतीतही बारे द्यायला जावेच लागते; सौर वीज दिवसा मिळते. शेतीचे फीडर सौर विजेवर आणण्याची राज्याची योजना 2017 मध्ये आमच्याच नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर 2024 मध्ये शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला चालू झाला. त्याहून आधी, 2009 मध्येच, शिर्डीच्या प्रसादालयात 73 सौर तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक शिजू लागला होता, केंद्राच्या अनुदानाने. 2025 च्या मध्यावर देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-वायू-तेलाबाहेरची झाली, 2030 च्या वचनाच्या पाच वर्षे आधी. हे यश मोठे आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. हे अंतर कमी करायला वाहिन्या आणि साठवणूकही लागते, आणि ते काम एकट्या राज्याच्या आवाक्यातले नाही.

एक गोष्ट मात्र दिल्लीने आणि आपणही टाळली आहे: पाणी. नीती आयोगाच्याच 2021 च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याच्या वादात दर दुष्काळी वर्षी पोळणाऱ्या गोदाकाठाने हा आकडा विसरून चालणार नाही. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. इथेनॉलचा दर एफआरपीशी सूत्राने बांधा, ते सूत्र निदान कर्जफेडीच्या मुदतीपर्यंत मोडू नका, आणि ठिबकवरच्या उसाच्या इथेनॉलला लिटरमागे जादा भाव द्या. तो जादा पैसा कारखान्याच्या ताळेबंदात न अडकता थेट ऊस उत्पादकाच्या खात्यात जाईल, हेही त्याच आदेशात लिहा.