टेपला दम दिसत नाही

ग्वाल्हेरात बिर्लानगरच्या गिरणी-लाइनींत वाढलेली पोरं पहाटे माझ्याकडे धावायला येतात. मी निवृत्त पीटी शिक्षक. वडील जे. सी. मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यापासून इथे नोकरी म्हणजे भरती, एवढंच लोकांना ठाऊक. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडालेलं मिराज विमान डोक्यावरून गेलं की आमचं बोलणं थांबतं. यंदा या पोरांतल्याच एकाने विमानतळाच्या अग्निशमन दलात जायचं ठरवलं आणि पहिलं विचारलं, "सर, सीना कितना चाहिए?"

प्रश्न रास्त आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या जाहिरातींत पुरुषांसाठी किमान 167 सें.मी. उंची, 55 किलो वजन, 81 सें.मी. छाती आणि ती फुगवल्यावर 5 सें.मी.ची वाढ मागितलेली असते. शिवाय धावणं, माणसाच्या वजनाचा भार उचलून नेणं, शिडी, दोर. पोरं महिनाभर छाती फुगवायचा सराव करतात. मला त्या टेपचं फारसं कौतुक नाही. टेपला छाती दिसते, दम दिसत नाही.

दम कशासाठी, ते घड्याळ सांगतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, हवा स्वच्छ असताना धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला बंब तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे; दोन मिनिटांत पोचला तर उत्तम. घाई उगाच नाही. 1985मध्ये मँचेस्टरला उड्डाणाआधीच पेटलेल्या विमानात 55 माणसं गेली. विमान जमिनीवर होतं, बंब विमानतळावरच होते, तरी बहुतेकांचा जीव धुरानेच घेतला.

आता जवानाच्या बाजूने बघा. तासन् तास काही घडत नाही. एकदम घंटा होते आणि जाड पोशाख, शिरस्त्राण, पाठीवर हवेचा सिलिंडर असं वीसेक किलोंचं ओझं घेऊन तो धावतो. पोशाख बाहेरची आग अडवतो, तशी आतली उष्णताही कोंडून ठेवतो. घाम येतो पण वाळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, तेव्हा काय होत असेल! अशा ओझ्याखाली टिकायला दम लागतो, म्हणून ब्रिटनमध्ये अग्निशामकांची मोजणी दमावर होते: शरीराने दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 42 मिलिलिटर ऑक्सिजन वापरता आला पाहिजे. पट्ट्यावर धावायला लावून किंवा पायरी चढ-उतार करायला लावून हे जोखता येतं. मला हे पटतं.

डोळ्यांची अटही पोरांना जाचक वाटते. रंगांधळेपणा असला तर काय बिघडतं, म्हणतात. रेडिओ बंद पडला की टॉवरवरून दिव्याने खुणा होतात: लुकलुकता हिरवा म्हणजे पुढे जा, स्थिर लाल म्हणजे थांब. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे. रात्री रंग चुकला तर बंबच विमानाच्या वाटेत उभा राहील.

दाढीवरून मात्र खरी भांडणं होतात. श्वसनयंत्राचा मुखवटा कातडीला घट्ट चिकटावा लागतो. खुंट मध्ये आले की फटीतून धूर शिरतो. "ट्रिम चलेगा?" नाही चालत, बाळा.

पण मला काळजी वाटते ती पंचविशीतल्या पोरांची नाही, पन्नाशीतल्यांची. 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कामावर असताना मेलेल्या अग्निशामकांपैकी 45 टक्के हृदयविकाराने गेले होते, आणि प्रत्यक्ष आग विझवताना हा धोका कितीतरी पटींनी वाढलेला आढळला. शांत बसलेलं हृदय क्षणात पूर्ण वेगाने पळवायचं, तेही पोट सुटल्यावर! एकदा भरती झाली की सकाळी बेढई-कचोरी आणि दुपारी डुलकी, हा आमच्या ग्वाल्हेरचा शिरस्ता. त्यामुळे दरवर्षी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि दमाची चाचणी व्हायलाच हवी. तीत कमी पडलेल्याला घरी न पाठवता चार-सहा महिने तयारीला द्यावेत. नाहीतर माणसं आजार लपवतील.

त्या मुलाची छाती मी अजून मोजलेली नाही. घरी कुणाला बीपी आहे का, एवढं विचारलं. वडिलांना आहे म्हणाला. मग सोमवारी आधी दवाखान्यात जा, म्हटलं, आणि वडिलांनाही घेऊन जा.