स्वच्छमंडलाचे विकार, इजा व अपवर्तन शस्त्रक्रिया

स्वच्छमंडलाचे विकार : नेत्रगोलाच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेल्या पारदर्शक, किंचित फुगीर आवरणास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया असे म्हणतात. व्यवहारात ‘बुबुळ’ म्हणून ओळखला जाणारा काळा भाग वस्तुतः या पारदर्शक आवरणातून दिसणारी परितारिका व बाहुली होय. शोथ (दाहयुक्त सूज), व्रण किंवा इजा यांमुळे स्वच्छमंडलावर पांढरट वण राहिल्यास ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. भारतात २०१५–१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नास वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ७·४ टक्के अंधत्व स्वच्छमंडलाच्या अपारदर्शकतेमुळे आले होते. पन्नास वर्षांखालील व्यक्तींत मात्र हे प्रमाण ३७·५ टक्के असून त्या वयोगटात ते अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण ठरले. मोतीबिंदू हा प्रामुख्याने उतारवयाचा विकार आहे, तर स्वच्छमंडलाचा व्रण व इजा ही मुले व कमावत्या वयातील माणसे यांना गाठतात. म्हणून या अंधत्वाचा काळही दीर्घ असतो.

रचना व कार्य : स्वच्छमंडलाचा आडवा व्यास सु. ११·५ मिमी. व मध्यभागी जाडी सु. अर्धा मिमी. असते. सर्वांत बाहेर पाच-सहा कोशिकाथरांचा अधिस्तर असतो. तो खरचटल्यास एकदोन दिवसांत बहुधा वण न राहता भरून येतो. त्याखालील जाड थरास स्ट्रोमा म्हणतात व एकूण जाडीच्या सु. नऊ-दशांश भाग त्याचा असतो. त्यातील कोलॅजेनाचे तंतू अत्यंत नियमितपणे रचलेले असल्यामुळे प्रकाश न विखुरता आत जातो. ही रचना एकदा विस्कटली की, तेथे तयार होणारा वण अपारदर्शक असतो. सर्वांत आतील अंतःस्तर केवळ एका कोशिकेइतका जाड असून तो स्ट्रोमातील पाणी सतत बाहेर काढून पारदर्शकता टिकवितो. मानवात या कोशिकांची झीज विभाजनाने भरून येत नाही.

स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन मुख्यतः अश्रूंमधून मिळतो. तंत्रिका मात्र विपुल असतात, म्हणून बारीक कुसळानेही असह्य वेदना होतात. डोळ्याच्या एकूण सु. ६० डायॉप्टर अपवर्तनशक्तीपैकी सु. ४३ डायॉप्टर स्वच्छमंडलाची असते. त्यामुळे त्याच्या वक्रतेत अल्प बदल झाला, तरी दृष्टीत मोठा फरक पडतो. या एकाच गुणधर्मावर शंकुरूप स्वच्छमंडल या विकारातील दृष्टिदोष व अपवर्तन शस्त्रक्रियेचा लाभ ही दोन्ही आधारलेली आहेत.

व्रण व शोथ : अधिस्तराला पडलेल्या लहानशा खाचेतून सूक्ष्मजंतू किंवा कवक आत शिरल्यास व्रण होतो. डोळा लाल होणे, दुखणे, पाणी येणे, प्रकाश सहन न होणे व बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. समशीतोष्ण प्रदेशांत सूक्ष्मजंतुजन्य व्रण अधिक आढळतात, तर भारतासारख्या उष्ण व दमट देशांत कवकजन्य व्रणांचे प्रमाण मोठे असते. मुंबईतील रुग्णांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲस्परजिलस या कवकाचे प्राबल्य आढळले. दक्षिण भारतात फ्युजेरियम हे कवकही वारंवार सापडते. कवकजन्य व्रण हळूहळू वाढतो व त्याच्या कडा पिसासारख्या दिसतात. परंतु केवळ पाहून निदान करणे धोक्याचे असते. व्रणाचा खरवडलेला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास कवकतंतू काही मिनिटांत दिसू शकतात. ही तपासणी स्वस्त असून तालुक्याच्या ठिकाणीही करता येण्याजोगी आहे.

औषधांच्या निवडीबाबत भारतात झालेल्या यादृच्छिक चाचण्यांना जागतिक महत्त्व आहे. अरविंद नेत्र रुग्णालयांमधील ३२३ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नॅटामायसीन या जुन्या औषधाची व्होरिकोनॅझोल या नव्या औषधाशी तुलना करण्यात आली. नॅटामायसीन दिलेल्या रुग्णांची दृष्टी अधिक चांगली राहिली व डोळ्याला छिद्र पडण्याचे प्रमाणही कमी आढळले. हा फरक फ्युजेरियमजन्य व्रणांत विशेष ठळक होता. सूक्ष्मजंतुजन्य व्रणांत प्रतिजैवांच्या जोडीला स्टेरॉइड द्यावे काय, या प्रश्नावरील ५०० रुग्णांच्या चाचणीत (२०१२) तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या दृष्टीत एकंदरीत फरक दिसला नाही. कवकजन्य व्रणात मात्र निदानापूर्वी घातलेले स्टेरॉइडाचे थेंब हानिकारक ठरतात. लाली झपाट्याने कमी होते, रुग्णाला बरे वाटते आणि तेवढ्या अवधीत कवक खोलवर पसरते. दुकानातून परस्पर घेतलेल्या थेंबांचा धोका येथेच असतो.

हर्पिस सिंप्लेक्स या व्हायरसामुळे होणारा शोथ पुनःपुन्हा उद्भवतो. अमेरिकेतील चाचणीत (१९९८) वर्षभर तोंडाने ॲसायक्लोव्हिर दिल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे, विशेषतः गोवरानंतर, लहान मुलांचे स्वच्छमंडल मऊ होऊन नष्ट होऊ शकते. एकेकाळी व्यापक असलेल्या खुपरी रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले [→ खुपरी].

इजा : स्वच्छमंडलाच्या इजांचे स्वरूप परिसरातील व्यवसायांवरून ठरते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका या दृष्टीने बोलका आहे. भिवंडी शहरात यंत्रमाग, तालुक्यातील गावांत भातशेती व वीटभट्ट्या आणि काल्हेरसारख्या ठाणे-भिवंडी मार्गावरील गावांत मोठमोठी गोदामे असे अनेक व्यवसाय थोड्या अंतरात एकवटले आहेत. कापणी-मळणीच्या वेळी भाताचे पाते किंवा कुसळ डोळ्याला लागते. वनस्पतिजन्य पदार्थाबरोबर कवकही आत जाते. धोट्याच्या मागावर वेगाने उडून बाहेर पडलेला धोटा डोळ्यावर बोथट आघात करतो. त्यामुळे रक्तस्राव, नेत्रमणी सरकणे किंवा नेत्रगोल फाटणे हे परिणाम संभवतात. गोदामात पेट्यांभोवतीची ताणलेली पट्टी कापताना तिचे टोक उसळते. हातोडा-छिन्नी किंवा घासचक्रावर काम करताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात रुतून गंज धरतो. मुलांमध्ये विटी-दांडू, धनुष्यबाण व दिवाळीतील फटाके यांमुळे होणाऱ्या इजा परिचित आहेत.

रासायनिक इजांमध्ये चुन्यासारख्या क्षारांच्या इजा अधिक घातक असतात. अम्लामुळे पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात व अम्लाचा पुढील मार्ग काहीसा अडतो. क्षार मात्र कोशिकावरणातील मेदाचे साबणीकरण करीत आत शिरतो. तंबाखूबरोबर खाण्याच्या चुन्याची पुडी मुलाने दाबताच ती फुटून चुना डोळ्यात उडाल्याची उदाहरणे भारतातील नेत्रवैद्यांनी वारंवार नोंदविली आहेत. अशा वेळी रुग्णालयाची वाट न पाहता मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा निदान पंधरा ते तीस मिनिटे धुणे हाच सर्वांत परिणामकारक उपचार होय. पापणी उलटून तिच्याखाली दडलेले चुन्याचे कण वैद्याकडून काढून घ्यावे लागतात. डोळ्यात दूध, मध किंवा एरंडेल घालणे व गेलेला कचरा जिभेने अथवा पदराच्या टोकाने काढणे या प्रथांमुळे संसर्गाची भर पडते. नेत्रगोल फाटल्याची शंका असल्यास डोळा मुळीच दाबू वा चोळू नये. त्यावर कडक आच्छादन ठेवून रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

वेळेचे महत्त्व नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने (२००१) दाखवून दिले. तेथे सु. ३५,००० लोकसंख्येवर दोन वर्षे देखरेख ठेवून खरचटलेल्या डोळ्यांत गावातील आरोग्यसेवकांनी क्लोरँफेनिकॉल मलम तीन दिवस घातले. इजेनंतर १८ तासांच्या आत आलेल्या कोणालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्यांपैकी मात्र २८·६ टक्के व्यक्तींना तो झाला. या अभ्यासात तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. पुढे नेपाळमध्येच गावागावांची यादृच्छिक विभागणी करून झालेल्या मोठ्या चाचणीत (२०२२) असा कार्यक्रम राबविलेल्या भागातील व्रणांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. तत्काळ उपचारांची उपयुक्तता यामुळे खोटी ठरत नाही. परंतु मलम उपलब्ध असणे आणि जखमी व्यक्ती वेळेवर त्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

प्रतिरोपण : मानवी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी प्रतिरोपण एडुआर्ट झिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स (सध्याच्या चेक प्रजासत्ताकात) येथे केले. तो रुग्ण चुन्यानेच भाजलेला होता व लोखंडाच्या कणामुळे निकामी झालेल्या एका मुलाच्या डोळ्यातील स्वच्छमंडल त्याला बसविण्यात आले. भारतात आर. पी. धंडा यांनी इंदूर येथे १९६० मध्ये हे प्रतिरोपण यशस्वी केले. मुंबई राज्यात त्यापूर्वीच, १९५७ मध्ये, स्वच्छमंडल प्रतिरोपणासंबंधीचा अधिनियम करण्यात आला होता. पूर्वी सर्व थर बदलले जात. हल्ली शक्य तेथे केवळ विकारग्रस्त थर बदलतात व त्यामुळे प्रतिरोपित भाग शरीराने नाकारण्याचा धोका घटतो. व्रणाने किंवा क्षाराने भाजून रक्तवाहिन्या शिरलेल्या स्वच्छमंडलात मात्र प्रतिरोपणाचे यश कमी असते. अशा डोळ्यांत स्वच्छमंडलाच्या कडेवरील मूलकोशिकाच नष्ट झालेल्या असतात. निरोगी डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे अंश विकारग्रस्त डोळ्यावर पसरण्याची सुलभ पद्धत हैदराबाद येथील वीरेंदर संगवान व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

नेत्रदानासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढणे इष्ट असते. चष्मा वापरणाऱ्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीसही नेत्रदान करता येते.

अपवर्तन शस्त्रक्रिया : स्वच्छमंडलाची वक्रता बदलून चष्म्याची गरज घालविण्याचे प्रयत्न जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केले. त्यांनी आतील बाजूनेही छेद घेतले. अंतःस्तराचे कार्य तेव्हा पुरते ज्ञात नव्हते. अनेक रुग्णांची स्वच्छमंडले वीस वा अधिक वर्षांनी सुजून अपारदर्शक झाली. सोव्हिएट रशियात स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांनी १९७० नंतरच्या दशकात केवळ बाहेरून अरीय छेद घेण्याची पद्धत रूढ केली. तिच्या अमेरिकेतील दीर्घ पाहणीत (१९९४) दहा वर्षांनंतर ४३ टक्के डोळ्यांत एक डायॉप्टर वा अधिक दूरदृष्टिता उत्पन्न झाल्याचे आढळले. आरंभीचे समाधान हा अंतिम निष्कर्ष नव्हे, हा धडा या दोन्ही अनुभवांनी दिला.

एक्सायमर लेसर किरणांनी ऊतक न भाजता अचूकपणे कोरता येते, हे मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांना १९८१ मध्ये अमेरिकेत आढळले. स्टीव्हन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये त्यांच्यासमवेत ते तंत्र स्वच्छमंडलासाठी सुचविले. पुढे आलेल्या लॅसिक पद्धतीत प्रथम सु. १००–१२० मायक्रोमीटर जाडीची झडप उचलतात व खालील स्ट्रोमा लेसरने कोरतात. सहा मिमी. व्यासाच्या क्षेत्रात प्रत्येक डायॉप्टरमागे सु. १२ मायक्रोमीटर ऊतक जाते. खाली निदान २५० मायक्रोमीटर स्ट्रोमा उरावा, असा संकेत आहे. स्वच्छमंडल ४८० मायक्रोमीटर, झडप ११० मायक्रोमीटर व निकटदृष्टिता १० डायॉप्टर असल्यास नेमके २५० मायक्रोमीटर उरतात. म्हणजे सुरक्षिततेस वावच राहत नाही. मर्यादेपलीकडे पातळ झालेले स्वच्छमंडल पुढे फुगते व दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही.

या दृष्टीने नागपूरनजीकच्या आठ गावांत २००६–०८ मध्ये विनय नांगिया, योस्ट योनास व सहकारी यांनी केलेली पाहणी महत्त्वाची आहे. तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींच्या या पाहणीत स्वच्छमंडलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रोमीटर आढळली. यूरोपीय वंशाच्या लोकांत ती सु. ५४० मायक्रोमीटर असते. शंकुरूप स्वच्छमंडलाचे प्रमाण २·३ टक्के निघाले. मात्र ४८ डायॉप्टर किंवा अधिक शक्ती हाच निकष धरल्यामुळे त्यात काही निरोगी पण अधिक वक्र डोळेही मोजले गेले असण्याचा संभव आहे. परदेशी सरासरीवर आधारलेले आडाखे येथील डोळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत, हा या पाहणीचा व्यावहारिक अर्थ होय. शंकुरूप स्वच्छमंडलाची वाढ रोखण्यासाठी रिबोफ्लाविन व जंबुपार किरण यांच्या योगाने कोलॅजेन तंतू परस्परांना जखडण्याची पद्धत ड्रेझ्डेन येथे विकसित झाली व तिचे रुग्णांवरील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

लॅसिकनंतर बहुसंख्य रुग्ण समाधानी असतात. तथापि अमेरिकेतील औषध प्रशासनाच्या सहकार्याने झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत, पूर्वी कोणतीही दृष्टिलक्षणे नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के व्यक्तींनी तीन महिन्यांनंतर दिव्याभोवती वलये किंवा किरणे दिसण्यासारखी एखादी नवी तक्रार नोंदविली. रोजच्या व्यवहारात फार अडचण आलेल्यांचे प्रमाण मात्र एक टक्क्याहून कमी होते. शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे संभवते. स्वच्छमंडल पातळ झाल्याने नेत्रदाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो व उतारवयात मोतीबिंदू काढताना बसवावयाच्या भिंगाचे गणित चुकू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची मापे रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवावीत.

प्रतिबंध : भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३५ व्या कलमाने उडणारे कण व प्रखर प्रकाश यांपासून कामगारांच्या डोळ्यांचे संरक्षण करण्याची तरतूद केली होती, परंतु अनेक लहान यंत्रमागशाळा, वीटभट्ट्या व शेते अशा नियमांच्या कक्षेबाहेरच राहत आली. मागाला धोटारक्षक जाळी, धातुकाम व पट्ट्या कापताना संरक्षक चष्मा, चुना मुलांच्या हाती न लागेल असा ठेवणे, गोवराची लस व अ जीवनसत्त्वाचा पुरवठा हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. गमावलेली पारदर्शकता परत मिळविण्याचे मार्ग मर्यादित, खर्चिक व अनिश्चित असल्याने इजेनंतरच्या पहिल्या दिवशी मिळणारी योग्य मदत ही नंतरच्या कोणत्याही शस्त्रक्रियेहून अधिक मोलाची ठरते.

[→ खुपरी, डोळा, नेत्रपेढी, मोतीबिंदू]