पेठेतला कचरा आणि गावची विहीर

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत मुलांची पुस्तके घ्यायला आपण बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौकात जातो. घरात ट्यूब किंवा वायर लागली की तपकीर गल्ली गाठतो. सकाळी दुकाने उघडतात तेव्हा रस्ता झाडून झालेला असतो. झाडणारे हात बहुतेक आपल्याच माणसांचे असतात. पण झाडलेला हा कचरा जातो कोठे, हे आपण किती वेळा विचारतो?

१९९० च्या दशकापासून बरीच वर्षे पुणे शहराचा कचरा हडपसरच्या पुढे, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. सुमारे १६३ एकरांचा हा डेपो. भाजीचा पाला, प्लॅस्टिक, फुटक्या ट्यूब, संपलेले सेल, सारे एकाच ढिगात. शहर स्वच्छ झाले आणि गावच्या विहिरी नासल्या.

पाणी नासते कसे?

चहाची पूड गाळणीत ठेवून वरून पाणी ओतले तर खाली रंगीत पाणी उतरते. कचऱ्याच्या ढिगाचे तसेच आहे. ओला कचरा कुजून त्याला पाणी सुटते. वरून पाऊस पडला की ते सारे झिरपत खाली येते. या काळपट, उग्र वासाच्या पाण्याला लीचेट म्हणतात. त्यात क्षार असतात, कुजलेल्या घाणीतला नत्र असतो, सेल आणि बॅटऱ्यांतले शिसे, कॅडमियमही असू शकते.

आपल्या भागात वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. भूजल असते ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. लीचेटही त्याच वाटेने जाते. भेग जिकडे जाईल तिकडे पाणी जाते. म्हणून कधी जवळची विहीर बरी निघते आणि लांबची नासते. शिशासारखे धातू बरेचसे मातीला चिकटून राहतात. क्लोराइड आणि नायट्रेट मात्र पाण्याबरोबर पुढे जातात. म्हणूनच वरचा ढीग हलवला म्हणजे खालची जमीन शुद्ध झाली, असे होत नाही.

तपासणीत काय पाहायचे?

२००० सालच्या नियमांनीच सांगितले होते की, कचरा गाडायच्या जागेत लीचेट खाली मुरू नये म्हणून तळाला अस्तर हवे. २०१६ च्या नियमांनी जागेच्या कडेपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितले. जागा बंद केल्यावरही किमान १५ वर्षे देखरेख ठेवायला सांगितले. एकदा बाटली भरून नेली आणि अहवाल दिला, एवढ्याने भागत नाही. ऋतू बदलला की पाणी बदलते.

अहवाल हाती आला तर घाबरू नये, चार आकडे पाहावेत. पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्लोराइड २५० पर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर क्षार २,००० आणि क्लोराइड १,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही आणि शिशाला ०.०१ च्या वर नाही. आयाबहिणींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि शिसे जात नाही. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी दुधात घालून पाजले तर त्याच्या रक्तातला प्राणवायू कमी पडून अंग निळे पडू शकते.

जबाबदारी कोणाची?

गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. २०१४-१५ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. महापालिकेला टँकरने पाणी पुरवावे लागले. जुन्या ढिगाचा काही भाग मातीने झाकला गेला, काही उकरून चाळायला घेतला गेला. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कागदावरची हद्द अशी सरकत राहिली. भूजलाला हद्द ठाऊक नसते. ज्याने कचरा टाकला त्याची जबाबदारी हद्दीबरोबर सरकू नये, असे आम्हांला वाटते.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा उघडणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा लढा पाण्याला हात लावण्याचा होता. आज हात लावायला कायद्याने कोणी अडवू शकत नाही, पण पाणी पिण्याजोगे उरले आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या हातीही काही आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून 'स्वच्छ' संस्थेच्या भगिनी दारोदार वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या. त्यांच्या टोपलीत ओले आणि सुके एकत्र टाकू नका. सेल, ट्यूब, औषधे निराळी द्या. ओला कचरा जिरवून खत झाले तर त्याचे लीचेट कोणाच्या विहिरीत उतरणार नाही.

आणि जे डेपोच्या आसपास राहतात त्यांनी विहिरींच्या पाण्याचे अहवाल मागावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तेवढेही लागत नाहीत. शिकलेल्या पोराने अर्ज लिहावा, आईने सही करावी. आपण काय पितो हे विचारण्याचा हक्क त्या माउलीला आहे.