फावल्या वेळी क्रोशाची सुई
— ऊस विकास अधिकारी



बेणे, खत, पाचट यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. आज विषय घरातला आहे. गटात फिरताना लेकी-सुना विचारतात, "साहेब, क्रोशा शिकायचाय, सुरुवात कशानं करायची?" जाणत्या भगिनींना विचारून ही माहिती देत आहोत. पुरुषांनाही शिकायला बंदी नाही!

पहिल्याच दिवशी रुमालाचा बारीक दोरा घेऊ नये. फिक्या रंगाची जाड लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्यावी, म्हणजे टाका डोळ्यांना नीट दिसतो. सरकगाठ मारून सुईवर दोरा घ्यायचा आणि फासातून ओढायचा, की झाली एक साखळी. हात सैल ठेवावा. दोरा आवळला तर पुढच्या ओळीत सुई शिरतच नाही. दोन-तीन दिवस नुसत्या साखळ्याच घालाव्यात.

मग २० साखळ्या घालून, सुईजवळची एक सोडून, प्रत्येकीत एक मुका खांब घालावा. ते १९ भरतात. एक साखळी घालून काम उलटवावे आणि पुन्हा १९ घालावेत. प्रत्येक ओळ मोजावी. शेवटचा टाका सुटत गेला की पट्टी निमुळती होते, अन् नवशिक्याचा हात नेमका तिथंच खचतो. पण घाबरायचं कारण नाही. सुईवर एकच फास असतो. चुकले तेवढे उसवा, लोकर वाया जात नाही. मध्येच म्हैस ओरडली तर फास थोडा मोठा ओढून खुशाल उठा.

हा छंद एके काळी शेतकऱ्यांच्या घराचा आधार झाला होता. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, सलग पिके गेली आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या दुष्काळात क्लोन्स गावी धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवण्याची सोय केली. त्या लेसच्या विक्रीतून कित्येक घरांत चूल पेटली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली पुस्तक लिहिले. बायका घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणत. माल परदेशी जाई, नफा व्यापाऱ्याला आणि विणणारीच्या हाती अगदी तुटपुंजी मजुरी. कारण काय? तर हे म्हणे घरबसल्या फावल्या वेळचे काम!

म्हणून आमचे सांगणे असे, की छंद म्हणून विणाल तर मनसोक्त विणा, हिशेब नको. पण विकायचे ठरले, तर दोऱ्याच्या किमतीबरोबर लागलेले तासही वहीत मांडा. चार-पाच जणींनी दोरा एकत्र आणावा, भाव एकत्र ठरवावा. एकेकट्याने ऊस विकून काय पदरात पडत होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

हंगाम संपल्यावर सुरुवात केली, तर दसऱ्यापर्यंत दाराला स्वतः विणलेले तोरण लागायला हरकत नाही.