सातबारावरील शब्द आणि शेतातील अर्थ

ठाणे शहराच्या नौपाडा भागात आज शेत शोधूनही सापडणार नाही. गोखले मार्ग आणि राम मारुती मार्गाच्या दुतर्फा दुकाने व इमारती उभ्या आहेत. तरीही तेथील घराचे खरेदीखत उघडले, तर त्यात ‘मौजे नौपाडा, तालुका व जिल्हा ठाणे’ असा उल्लेख आढळतो. ‘मौजे’ म्हणजे महसुली गाव. ‘पाडा’ म्हणजे मोठ्या गावाची लहान वस्ती. वस्ती शहरात विलीन झाली तरी शेतीच्या व्यवस्थेतील हे शब्द दप्तरात टिकून राहिले. येथील मिळकतींची नोंद आता सातबारावर नव्हे, तर टिका क्रमांक व नगर भूमापन क्रमांक असलेल्या मालमत्ता पत्रकावर पाहावी लागते.

मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र असे शब्द केवळ इतिहासाची खूण नाहीत. कर्ज, बियाणे, खत, विमा आणि नुकसानभरपाई यांचे हिशोब त्यांच्यावरच अवलंबून असतात. शब्दाचा अर्थ चुकला की आकडा चुकतो आणि आकडा चुकला की नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते. म्हणून नेहमीच्या वापरातील काही शब्दांचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

सातबारा म्हणजे काय?

‘सातबारा’ हा एक उतारा असला तरी त्यात दोन नमुने एकत्र आलेले आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. जमीन कोणाच्या नावे आहे, ती कोणत्या भूधारणा पद्धतीची आहे, तिच्यावर कुळाचा हक्क अथवा कर्जाचा बोजा आहे काय, हे त्यावरून कळते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद होय. गाव नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात, तर हक्कातील प्रत्येक बदल गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंदविला जातो.

वारसाने, खरेदीने किंवा वाटणीने जमिनीत हक्क प्राप्त झाल्यास त्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. वडील जाऊन अनेक वर्षे लोटली तरी उतारा त्यांच्याच नावे राहिलेला असतो, हे चित्र गावोगाव दिसते. अशा वेळी मुलांना पीक कर्ज मिळण्यात अडचण येते. मात्र सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच कायदा सांगतो.

भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन यांतील भेदही महत्त्वाचा आहे. वर्ग एकची जमीन सर्वसाधारणपणे निर्बंधाविना हस्तांतरित करता येते. वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण करण्यावर निर्बंध असून त्यासाठी सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. इसार देण्यापूर्वी हा एक शब्द वाचून घेतला, तर पुढची अनेक वर्षांची कज्जेदलाली टळते.

नमुना बारावरील पीक पाहणी पूर्वी तलाठ्यामार्फत होत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याला स्वतः भ्रमणध्वनीवरून पीक नोंदविण्याची सोय झाली. शेतात भात उभे असताना उताऱ्यावर जमीन पडीक दिसली, तर आपत्तीनंतर पंचनाम्याच्या वेळी अडचण उद्भवते. नोकरीनिमित्त ठाणे-कल्याण परिसरात राहून गावी जमीन कसून घेणाऱ्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे.

एकर, गुंठा आणि आर

क्षेत्राच्या मापातील गोंधळ सर्वांत अधिक आढळतो. बोलण्यात एकर आणि गुंठा असतात, तर उताऱ्यावर हेक्टर आणि आर. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, अर्थात सुमारे अडीच एकर. गुंठा व आर ही मापे जवळजवळ सारखी आहेत. गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक, तर आर बरोबर १०० चौरस मीटरांचा असतो.

उताऱ्यावर १.२०.०० असे क्षेत्र लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. जुन्या सवयीने कोणी तो आकडा ‘एक एकर वीस गुंठे’ असा वाचला, तर क्षेत्र निम्मे होते. मग बियाणे, खत आणि भरपाई यांचा सगळा हिशोबही निम्म्यावर येतो.

क्षेत्राखालीच ‘पोटखराब’ असा रकाना असतो. ‘वर्ग अ’ म्हणजे खडक, नाला यांसारख्या कारणांमुळे लागवडीस अयोग्य असलेला भाग. ‘वर्ग ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेला भाग. ‘वर्ग अ’ मधील जमीन शेतकऱ्याने मेहनतीने लागवडीखाली आणली असेल, तर ती लागवडयोग्य क्षेत्रात धरण्याची तरतूद २०१८ मध्ये करण्यात आली. तथापि त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपोआप बदल होत नाही.

वरकस, खार आणि भाताचे वाण

ठाणे जिल्ह्याची शेती प्रामुख्याने भाताची. भातखाचरांच्या वर, डोंगरउतारावर असलेली हलकी जमीन म्हणजे ‘वरकस’. तीत नागली, वरी व गवत येते. भाताच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, गवत व शेण पसरून जाळण्याच्या पद्धतीला ‘राब’ म्हणतात. या राबासाठी लागणारा पाला वरकस जमिनीतून व जंगलातून आणला जाई. इंग्रजी अमदानीत जंगलावर निर्बंध आले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. आता राब न जाळता गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे तयार करण्याची शिफारस केली जाते.

खाडीकाठच्या ‘खार’ जमिनीचा प्रश्न निराळा. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध आणि पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी असते. यांपैकी एकही नादुरुस्त झाली तर खारे पाणी शेतात शिरते व हंगाम हातचा जातो. अशा जमिनींसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाण विकसित केले आहेत.

‘हळवे’, ‘निमगरवे’ व ‘गरवे’ हे शब्द भात तयार होण्याचा कालावधी दर्शवितात. हळवे भात सुमारे चार महिन्यांच्या आत तयार होते, निमगरव्यास त्याहून थोडे अधिक दिवस लागतात आणि गरवे पाच महिन्यांच्या आसपास घेते. उथळ, लवकर सुकणाऱ्या खाचरात गरवे भात लावले आणि परतीच्या पावसाने दगा दिला, तर दाणे भरत नाहीत. उलट पाणथळ जागी हळवे भात लावल्यास ऐन कापणीच्या वेळी ते पाण्यात सापडते.

बी आणि खत

‘सुधारित’ व ‘संकरित’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते योग्य नव्हे. सुधारित भाताचे बी नीट निवडून ठेवल्यास पुढील काही हंगाम वापरता येते. संकरित भाताचे बी मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेले ‘सह्याद्री’ हे या दुसऱ्या प्रकारचे आहे. घरचे बी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही व उत्पन्न घटते.

खताची शिफारस नत्र, स्फुरद व पालाश या अन्नद्रव्यांची असते, खताच्या गोणीची नव्हे. ‘हेक्टरी १०० किलो नत्र’ म्हणजे १०० किलो युरिया नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने त्यासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागेल. शिवाय ही मात्रा हेक्टरची आहे, एकराची नव्हे. एकराचा हिशोब करताना ती अडीचने भागली पाहिजे.

पैसेवारी आणि उंबरठा उत्पादन

पूर्वी सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक. त्यावरून ‘आणेवारी’ हा शब्द आला आणि दशमान नाण्यांनंतर तिची ‘पैसेवारी’ झाली. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे गावातील पीकस्थिती हलाखीची. ही पैसेवारी संपूर्ण गावाची असते, एका शेताची नव्हे, हे शेतकऱ्यास समजावून सांगितले पाहिजे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळ ठरविताना पाऊस, पेरणी, जमिनीतील ओलावा व पिकांची स्थिती यांचे निर्देशांक पाहिले जातात.

पीक विम्यात ‘उंबरठा उत्पादन’ हा शब्द येतो. त्या क्षेत्राच्या मागील वर्षांच्या उत्पादनावरून ठरविलेली ही मर्यादा होय. समजा, ती हेक्टरी २० क्विंटल आहे आणि पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचे सरासरी उत्पादन १५ क्विंटल आले. घट पाच क्विंटलांची, म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून विमा रकमेच्या पंचवीस टक्के भरपाई देय होते. येथेही सरासरी मंडळाची असते. म्हणूनच पीक कापणी प्रयोगाच्या वेळी पंचायत सदस्य व शेतकरी यांनी हजर राहणे हिताचे ठरते.

कार्यालयातील शब्द आणि बांधावरील शब्द यांतील अंतर कमी करणे हे फारसे खर्चाचे काम नाही. ग्रामसभेत वर्षातून एकदा सातबाराचे वाचन व्हावे. शिक्षकांनी क्षेत्रमापनाची उदाहरणे गावातील खऱ्या उताऱ्यांवरून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी अर्ज नाकारताना कारणाचा शब्द सोप्या भाषेत उलगडून सांगावा. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कागद स्वतः वाचता आला, तर त्याच्या हक्काच्या पुष्कळ गोष्टी कोणाच्या मध्यस्थीवाचून त्याच्यापर्यंत पोहोचतील.