चिंच, आसाम जावा आणि आसाम केपिंग: आंबट नेमकं कोणतं आणि किती?

आज गप्पा चिंचेच्या. आमटीतली चिंच, भेळेच्या चटणीतली चिंच, आणि लहानपणी तिखट-मीठ लावून खाल्लेली गाभुळलेली चिंच. नुसतं नाव ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं असेल तुमच्या! पण तिचे फायदे सांगणारे निरोप फोनवर रोज फिरत असतात, त्यातलं खरं किती? आणि इथे सिंगापुरात ती घ्यायची तर कोणत्या नावाने मागायची? तेच आज बघू.

आधी नावाची गंमत. चिंचेचं झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे ते इतक्या जुन्या काळापासून रुजलं आहे की अरबी व्यापाऱ्यांनी फळाला 'तमर हिंदी', म्हणजे 'हिंदुस्थानचा खजूर' असं नाव दिलं. त्यावरूनच इंग्रजीतलं टॅमरिंड आलं. आपण तर चिंचवड, चिंचपोकळी अशी गावं आणि वस्त्याच तिच्या नावाने वसवल्या. सिंगापुरातही एक टॅमरिंड रोड आहे बरं का!

मलय भाषेत 'आसाम' म्हणजे आंबट. ईशान्य भारतातल्या आसाम राज्याशी त्याचा काही संबंध नाही. आपली चिंच म्हणजे 'आसाम जावा'. टेक्का मार्केटमध्ये, मुस्तफात किंवा घराजवळच्या फेअरप्राइसमध्ये तिच्या दाबून बांधलेल्या वड्या मिळतात. मी सियामच्या रश्शाला किंवा आसाम पडस या माशाच्या तिखट कालवणाला जो आंबटपणा असतो, तो बहुतेक वेळा हिचाच.

पण शेजारीच 'आसाम केपिंग' नावाच्या वाळलेल्या, तपकिरी चकत्या असतात. त्यावरही कधी कधी इंग्रजीत 'टॅमरिंड' लिहिलेलं असतं, आणि तिथे आपली फसगत होते. ती चिंच नव्हे. ते फळ आपल्या कोकमाच्या कुळातलं आहे. चकती रश्श्यात तशीच टाकायची आणि वाढताना काढून ठेवायची, कोकमासारखी. माशाच्या कालवणाला कोकम संपलं असेल तर ही चकती वापरून बघा. चिंचगुळाच्या आमटीला मात्र आसाम जावाच हवी.

आता चिंचेत असतं काय ते पाहू. तिचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. बहुतेक फळं पिकताना गोड होतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. चिंच पिकताना साखर वाढते, पण हे आम्ल फारसं कमी होत नाही. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोडही लागते आणि आंबटही.

१०० ग्रॅम गरात साधारण ५७ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम चोथा, ६०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आणि ९० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. आणि क जीवनसत्त्व? आंबट म्हणजे क जीवनसत्त्व भरपूर, असं आपण धरून चालतो. चिंचेत ते जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम. तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर असतं. तेव्हा क जीवनसत्त्वासाठी मुलांना पेरू द्या.

हे आकडे १०० ग्रॅमचे आहेत. चौघांच्या आमटीला आपण सुपारीएवढी, फार तर १० ग्रॅम चिंच घालतो. म्हणजे माणशी साखर दीड ग्रॅमच्या आत, आणि चोथा, पोटॅशियम तर नावापुरतंच. मग चिंच खायची ती कशासाठी?

चिंचेचा रोजच्या जेवणातला सर्वांत मोठा फायदा आहे मीठ कमी करण्याचा. पदार्थ आंबट असला की कमी मिठातही तो अळणी लागत नाही. इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फार महत्त्वाचं. सिंगापूरच्या २०२२ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत माणशी रोजचं सोडियम ३,६२० मिलिग्रॅम आढळलं. मर्यादा आहे २,००० मिलिग्रॅमची, म्हणजे दिवसाला सुमारे ५ ग्रॅम मीठ. आणि २०२१-२२ च्या आरोग्य पाहणीत १८ ते ७४ वयाच्या रहिवाशांपैकी तीनातल्या एकाहून जास्त जणांना उच्च रक्तदाब होता.

म्हणून या आठवड्यात एवढं करून बघा. डाळ आधी पूर्ण शिजवून घ्या, कारण आंबट आधी घातलं तर डाळ लवकर शिजत नाही. चिंच गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, कुस्करून कोळ गाळून घ्या. फोडणीच्या आमटीत कोळ घाला, मीठ नेहमीपेक्षा पाव भाग कमी घाला, एक उकळी आल्यावर चव बघा. बाटलीतली तयार पेस्ट वापरत असाल तर आधी लेबल वाचा. पुष्कळ पेस्टमध्ये मीठ आधीच घातलेलं असतं.

आता सांभाळण्याच्या गोष्टी. घरात कुणाला मधुमेह असेल तर आमटीतल्या चिंचेला घाबरू नका, तिच्या जोडीला येणाऱ्या गुळाकडे लक्ष द्या. चिंच-खजुराची चटणी वाटीभर नव्हे, चमच्यानेच घ्या. चिंचेचं तयार सरबत घेताना न्यूट्री-ग्रेडचं अक्षर बघा. ३० डिसेंबर २०२२ पासून क आणि ड, म्हणजे इंग्रजी सी आणि डी श्रेणीच्या पेयांवर ते छापावंच लागतं. डी असेल तर बाटली परत फडताळावर ठेवा.

आई-बाबा भारतातून राहायला आले असतील आणि हृदयासाठी अॅस्पिरिन घेत असतील, तर ही पुढची गोष्ट त्यांनाही ऐकवा. नायजेरियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांवर केलेल्या लहान अभ्यासांत चिंचेच्या अर्काबरोबर घेतलेलं अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्तात जास्त प्रमाणात उतरलेलं दिसलं. रोजच्या आमटीने काळजी करू नका. पण कुणी 'पोट साफ राहतं' म्हणून रोज पेलाभर चिंचेचं पाणी पीत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही पोटॅशियममुळे असं पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये.

वजन कमी करणाऱ्या गोळ्यांवर 'मलबार टॅमरिंड' लिहिलेलं दिसलं, तर ती आपली चिंच नव्हे. तीही कोकमाच्या कुळातलीच, गार्सिनिया कॅम्बोजिया. या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'चिंचच तर आहे' म्हणून त्या विकत घेऊ नका.

मुलं चिंचेच्या गोळ्या चघळत असतील तर नंतर पाण्याने चूळ भरायला सांगा, आणि दात अर्ध्या तासाने घासू द्या. आम्लाने दातांचं आवरण थोडा वेळ मऊ झालेलं असतं.

कोळ गाळून उरलेला चोथाही टाकू नका. इथल्या दमट हवेत देवघरातली समई, तांब्या-पितळेची भांडी लवकर काळवंडतात. चोथ्याला चिमूटभर मीठ लावून घासा. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि भांडं लख्ख होतं. लगेच धुवा आणि कोरडं पुसा. फक्त संगमरवरी ओट्यावर हे करू नका, दगडावर डाग पडतात.

आणि चिंचोके? आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्याच चिंचोक्यातला चिकट पदार्थ आज कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांमध्येही वापरला जातो. मुलांना हे जरूर सांगा, आणि वडीत दोन-चार चिंचोके सापडले तर सुट्टीच्या दुपारी त्यांच्याशी खेळायलाही बसा.

तर मंडळी, बाजारात मागायची आसाम जावा, आमटीत मीठ पाव भाग कमी, आणि गूळ जपून. तुमच्या घरी चिंच आणखी कशात घालतात, अळूच्या फदफद्यात, पंचामृतात की साराच्या वाटीत, ते आम्हाला नक्की कळवा. पुन्हा भेटूच. तोवर नमस्कार!